गाडीतली अडीअडचणीची पिशवी: काय घ्यायचं आणि कुठे ठेवायचं

रात्रीचे साडेदहा, धो धो पाऊस, आणि मागचं डावं चाक बसलेलं. त्या रात्री माझ्या गाडीत सगळं होतं. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवा होती, धोक्याचा लाल त्रिकोणसुद्धा होता. फक्त हे सगळं डिकीच्या तळाशी होतं आणि त्यावर चार माणसांचं आठ दिवसांचं सामान रचलेलं होतं. टॉर्च शोधायला टॉर्च लागत होता. भिजत्या बॅगांचा रस्त्याकडेला ढीग लावून अर्ध्या तासाने त्रिकोण हाती आला, तोवर कितीतरी ट्रक आमच्या अंगावर पाणी उडवून गेले होते. पहिल्या मिनिटाला हवी असलेली वस्तू तिसाव्या मिनिटाला मिळाली.

तेव्हापासून मी ही तयारी उलट्या क्रमाने करतो. आधी जागा, मग वस्तू. बाजारात तयार किट मिळतात, पण मी पाहिलेल्या बऱ्याचशा किटमध्ये डबा देखणा आणि आतला ऐवज तकलादू होता: करंगळीएवढ्या जाडीच्या वेष्टनात केसाएवढी तार असलेल्या केबली, खेळण्यातला टॉर्च, दोन इंची बँडेज. त्यापेक्षा एकेक वस्तू निवडून जमवलेली पिशवी बरी. तिच्यात काय कुठे आहे ते हाताला माहीत असतं.

पहिली पायरी: जागा ठरवा

गाडीत तीन जागा आहेत असं धरा. पहिली, सीटबेल्ट लावलेला असताना हात पोचतो ती, म्हणजे दाराचा कप्पा किंवा दोन सीटांमधला खण. दुसरी, गाडीतून न उतरता पोचता येतं ती, म्हणजे सीटखाली किंवा सीटच्या पाठीवरचा खिसा. तिसरी, डिकी. कुठलीही वस्तू घेण्याआधी स्वतःला विचारा: ही मला पट्ट्यात अडकलेलो असताना लागेल, दार उघडण्याआधी लागेल, की रस्त्याकडेला उभं राहून लागेल? उत्तर आलं की जागा ठरली. ग्लोव्ह बॉक्स मी पहिल्या जागेत मुद्दाम धरलेला नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पट्टा झटका देऊन घट्ट करा आणि मग तो कप्पा उघडून पाहा.

डिकीसाठी शाळेच्या दप्तराएवढी जाड कापडी पिशवी घ्या. भडक रंगाची, दोन बंदांची. कडक पेटी नीटनेटकी दिसते, पण ती सामानाखाली जाते आणि मग निघत नाही. पिशवी सामान भरून झाल्यावर सगळ्यात शेवटी, दाराजवळ ठेवता येते. तिचा बंद डिकीतल्या कडीला हुकने अडकवा. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या सैल वस्तूला वजनाच्या साधारण २० पट जोर येतो. एक किलोचा अग्निशामक मागच्या काचेपाशी सुटा ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मनात करावा.

दुसरी पायरी: हाताशी राहणाऱ्या वस्तू

इथे चारच गोष्टी: पट्टा कापायचं आणि काच फोडायचं जोडहत्यार, छोटा टॉर्च, शिट्टी, आणि एक कागद.

जोडहत्याराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते घेऊन टाकणारे खूप आणि काच पाहणारे थोडे. गाडीच्या सगळ्या काचा एका जातीच्या नसतात. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. हातोडीने तिला तडे जातात, पण ती जागा सोडत नाही. बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात. टोकदार घाव बसला की अशी काच क्षणात बारीक खडीसारखी ढासळते. मात्र अलीकडे बाहेरचा आवाज कमी यावा म्हणून काही गाड्यांत बाजूलाही लॅमिनेटेड काच देतात, आणि तिच्यापुढे हे हत्यार निकामी आहे. प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा शिक्का असतो, त्यावर बहुधा काचेची जात लिहिलेली असते. तो वाचा. पुढच्या दोन लॅमिनेटेड आणि मागच्या टेम्पर्ड, अशीही गाडी असू शकते. तसं असेल तर बाहेर पडायची वाट मागच्या सीटवरून आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

घाव काचेच्या मधोमध घालू नका, कोपऱ्याजवळ घाला. हातोडीपेक्षा दाबल्यावर आतून स्प्रिंगने टोक सुटणारा प्रकार मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण पाण्यात हात मागे नेऊन जोर लावताच येत नाही. गाडी पाण्यात गेलीच तर क्रम असा: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना पुढे काढा, बाहेर पडा. दाराशी झटापट करू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते हलत नाही. गाडी तरंगत असते आणि विजेच्या काचा चालू असतात तो वेळ जेमतेम मिनिटभराचा. फोन बाहेर आल्यावर. हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्यांनी काच फोडा, असा एक सल्ला फिरत असतो. हेडरेस्ट त्या कामासाठी बनवलेलंच नाही आणि काही गाड्यांत ते निघतही नाही.

हे हत्यार कप्प्यात नुसतं टाकू नका. गाडी उलटली तर ते छतावर जाऊन पडेल. चिकटपट्टीने किंवा वेल्क्रोने एका जागी बसवा, डोळे मिटून हात जाईल अशा.

टॉर्च शक्यतो डोक्याला बांधायचा घ्या. मोबाइलचा उजेड चालतो, पण एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने नट सोडवून बघा. सेलची गंमत अशी की साधे अल्कलाइन सेल उन्हात तापणाऱ्या गाडीत काही महिन्यांत गळतात आणि टॉर्चच खाऊन टाकतात. एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल महाग पडतात, पण ते उणे ४० पासून ६० अंश सेल्सियसपर्यंत चालतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. सेल कुठलेही असोत, त्यातला एक उलटा घालून ठेवा. म्हणजे बटण दाबलं गेलं तरी टॉर्च आपोआप जळत राहणार नाही. वापरताना उलटा सेल सुलटा करायचा, एवढंच.

कागदावर घरचे दोन फोन नंबर, रक्तगट, चालू औषधं, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि रस्त्यावर मदत देणाऱ्यांचा नंबर. फोन बंद पडला की स्वतःच्या बायकोचा किंवा नवऱ्याचा नंबरही अनेकांना आठवत नाही. कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पेन्सिल सोबत. पेनाची शाई सुकते. शिट्टीचे तीन लागोपाठ फुंकर म्हणजे संकटाची हाक, हे जगभर समजलं जातं. ओरडून घसा बसतो, शिट्टीला काही होत नाही.

तिसरी पायरी: सीटखालच्या वस्तू

चमकणारं जाकीट डिकीत ठेवण्यात काही अर्थ नाही. ते आणायला तुम्ही अंधारात, काळ्या कपड्यांत, धावत्या रस्त्यावरून मागे जाणार. जाकीट सीटच्या पाठीवरच्या खिशात हवं, आणि गाडीत जितकी मोठी माणसं तितकी जाकिटं. अंगात घालूनच दार उघडायचं.

त्रिकोणही तिथेच. तो किती लांब ठेवायचा याचे आकडे ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण हिशेब कळला की आकडा लक्षात राहतो. ताशी ९० किमीने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. म्हणजे १०० मीटरवर ठेवलेला त्रिकोण मागच्या ड्रायव्हरला फक्त ४ सेकंद देतो. वस्तीतल्या संथ रस्त्यावर ३० मीटर पुरतात, मोकळ्या वेगवान रस्त्यावर १०० मीटरच्या आसपास. शंभर मीटर म्हणजे साधारण १४० पावलं, मोजत जा. वळणावर किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबला असाल, तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे. चालत जाताना तो उघडून छातीपुढे, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने धरा. काही ठिकाणी द्रुतगती मार्गावर त्रिकोण ठेवायला चालत जाणंच मना आहे. तिथे धोक्याचे दिवे लावून सरळ कठड्यापलीकडे जाऊन थांबायचं. आपल्या भागातला नियम आधीच पाहून ठेवा.

अग्निशामक एक किलोचा, एबीसी पावडरचा, पकडीत बसवलेला. त्याच्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. एक किलोची पावडर जेमतेम दहा सेकंद पुरते, म्हणून ज्वाळांवर न मारता बुडावर मारा. बॉनेटखालून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. कडी सोडवून फट तेवढी करा आणि त्यातून फवारा मारा. आग त्याला आटोपली नाही तर माघार घ्या. विजेवर चालणाऱ्या गाडीची मोठी बॅटरी पेटली असेल तर प्रयत्नच करू नका, लांब जा.

प्रथमोपचाराच्या डब्यात गोळ्यांपेक्षा कापड जास्त असू द्या. रस्त्यावरच्या जखमेत पहिलं काम रक्त थांबवणं, आणि त्याला लागतं ते निर्जंतुक गॉज, चार इंची रोल बँडेज, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री आणि रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड. जखमेवर गॉज ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघत बसू नका. रक्त वर आलं तर त्यावरच दुसरा थर. भाजलं असेल तर साधं गार पाणी, २० मिनिटं. टूथपेस्ट नको, बर्फ नको. बहुतेक गोळ्या आणि मलमं २५ ते ३० अंशांखाली ठेवायची असतात. उन्हात उभ्या गाडीत ती टिकत नाहीत, त्यामुळे रोजची औषधं खांद्यावरच्या बॅगेत न्या. चिकट बँडेजचा गोंदही उष्णतेने जातो, दरवर्षी बदला.

चौथी पायरी: डिकीतली पिशवी

सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे जंपर केबल, म्हणजे बॅटरी उतरलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट द्यायची लाल-काळ्या केबलींची जोडी. तांब्याची, जाड, निदान तीन मीटर लांब घ्या. आखूड केबल असेल तर दुसरी गाडी नाकाला नाक लावून उभी करावी लागते, आणि अरुंद जागेत ते जमत नाही. जोडायचा क्रम असा: लाल चिमटा बंद गाडीच्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या अधिकला, मग काळा चालू गाडीच्या वजा टोकाला. शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला लावायचा नाही. तो इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून लांब. कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. चालू गाडी पाचेक मिनिटं चालवा, मग बंद गाडीला स्टार्टर मारा. काढताना बरोबर उलटा क्रम. हा क्रम कागदावर लिहून केबलीलाच बांधून ठेवा. मी एवढ्या वर्षांनंतरही वाचूनच करतो. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात. हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीतून दुसऱ्याला करंट द्यायचा की नाही, ते तिच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय ठरवू नका.

मग फ्यूज. नखाएवढे असतात, वजन नाही, किंमत नाही, तरी कुणाकडे नसतात. रंगावरून ओळखायचे: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा. मोठा बसवला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. आकारही दोन-तीन असतात, म्हणून आपल्या गाडीतला एक काढून जुळवून घ्या.

चाकासाठी: गाडीसोबत आलेला जॅक आणि पाना, जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी, चाकाला अडवायला दोन ठोकळे, आणि हवेचं माप. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. तिच्या जागी छोटा कॉम्प्रेसर आणि टायरमध्ये भरायचा द्रव असतो. द्रवाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती बहुधा चार-पाच वर्षांची. हा द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या बारीक भोकापुरता. टायरची बाजू फाटली असेल तर त्याचा काही उपयोग नाही. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली असते.

चाक बदलताना नट जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, मग गाडी उचलायची. उचलून मग जोर लावलात तर चाक फिरतं किंवा गाडी जॅकवरून घसरते. घट्ट करताना समोरासमोरचे नट आळीपाळीने. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालू नका, पडलेला नट काढायलाही नाही. अलॉय चाकांना चोरीपासून बचावाचा एक वेगळा नट असेल, तर त्याची टोपी, म्हणजे तो सोडवताना त्यावर बसवायचा खास तुकडा, याच पिशवीत, याच खिशात. ती नसेल तर बाकी सगळी तयारी असूनही चाक निघत नाही.

उरलेलं पटकन सांगतो. गाडी ओढायचा पट्टा, आणि बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, घरीच एकदा बसवून पाहा. कापडी चिकटपट्टी, प्लास्टिकचे टाय, पक्कड, जाड हातमोजे, जुनी चादर किंवा ताडपत्रीचा तुकडा. थोडी रोख रक्कम पाकिटात, कागदाबरोबर. पेट्रोलचा कॅन मात्र नको. सुटं पेट्रोल डिकीत घेऊन फिरण्यापेक्षा टाकी अर्ध्याखाली जाऊ न देण्याची सवय लावा.

पाचवी पायरी: खोळंबलात तर

दरड, पूर, बर्फ, किंवा पुढे झालेला अपघात. गाडी ठीक असते आणि तुम्ही सात तास एका जागी. पाणी माणशी निदान एक लिटर, अर्ध्या लिटरच्या बंद बाटल्यांत, आणि दर सहा महिन्यांनी बदललेलं. थंड प्रदेशात बाटली गळ्यापर्यंत भरू नका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्याच मापात कालवा. खायला जे ठेवाल ते वितळणारं, कुजणारं, फार खारट नको, बस. चविष्टही नको, नाहीतर पहिल्या सहलीलाच संपतं.

चकाकणारी पातळ चादर ५०-६० ग्रॅमची, मुठीत मावते. ती ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब परत अंगाकडे वळवते. म्हणून ओले कपडे काढून, आत काहीतरी कोरडं घालून मगच गुंडाळा. उन्हात तीच चादर काचेवर लावून सावली करता येते.

थंडीत इंजिन चालू ठेवून बसायचा मोह होतो. त्याआधी उतरून मागची धुराची नळी बर्फाने, चिखलाने किंवा गवताने बुजलेली नाही ना, ते पाहा. बुजली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की थकवा आहे. तासाला दहा मिनिटं इंजिन, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी, आणि दर वेळी नळी तपासायची. एकाने जागं राहायचं.

सहावी पायरी: तापणारी गाडी

बाहेर ३५ अंश असले तर उन्हात बंद गाडीच्या आत तासाभरात ५० च्या पुढे जातं, डॅशबोर्ड त्याहून तापतो. म्हणून पॉवर बँक आणि लिथियमचा जंप स्टार्टर (दुसऱ्या गाडीशिवाय उतरलेल्या बॅटरीला करंट देणारा छोटा डबा) या गाडीत कायमचा ठेवायच्या वस्तू नाहीत. मी ते किल्लीच्या खुंटीखाली ठेवतो: किल्ली घेतली की तेही उचलायचं. गाडीत फक्त चार्जिंगची केबल आणि सॉकेटचा अडॅप्टर. लायटर, अत्तराचे आणि रंगाचे फवारेही गाडीत नकोत.

आणि एकदा करून बघा

पिशवी भरली की एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गाडी सुरक्षित सपाट जागी लावून सगळं खरोखर करा. जाकीट घाला, त्रिकोण उभा करा, एक चाक काढून परत बसवा. मी हे केलं तेव्हा पहिला नट हललाच नाही. आदल्या महिन्यात टायरच्या दुकानात हवेच्या मशीनने ते इतके आवळले होते की पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तरी काही नाही. पाना इवलासा, हातभरही नाही. दुसऱ्या दिवशी भंगारातून दोन फुटांचा लोखंडी पाईप आणला, पान्याच्या दांड्यावर बरोबर बसणारा. एका हाताने दाबलं आणि नट करकरत सुटला. तो पाईप आता पिशवीत असतो, त्यावर रंगाने लिहिलंय: फक्त सोडवायला, आवळायला नाही. पाईप लावून आवळलं तर आटेच तुटतात.